३० तारखेला सोलापूरला या

मुंबईच्या हेड ऑफिसात बसून आमची टार्गेटं ठरवणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

मी सोलापुरात तुमच्या कंपनीचा माल विकतो. १९ वर्षं झाली. साबण, शाम्पू, कपड्याची पावडर, चहा, टूथपेस्ट मिळून दोनशेच्या वर आयटम माझ्या टॅबमध्ये आहेत, पण गावात मी 'साबणवाला'च. अशोक चौकात सोमवारचा साबणवाला, विडी घरकुलात मंगळवारचा, होटगी रोडला गुरुवारचा. ज्या दुकानांत मी इतकी वर्षं दर आठवड्याला जातोय, तिथल्या मालकांनाही माझं आडनाव ठाऊक नसेल. त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या धंद्यात वार चुकला नाही की नाव राहिलं.

कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. एक तर घर चालवायचंय. दुसरं म्हणजे हे पत्र बिस्किटवाल्या पोराने वाचलं किंवा तेलवाल्याने वाचलं, तरी दोघंही म्हणतील की हे आमच्याच कंपनीचं दिसतंय. सकाळी टिळक चौकात चहाच्या गाड्यावर आम्ही सगळे एकत्रच उभे असतो, टी-शर्टांचे रंग तेवढे वेगळे.

मागच्या वर्षी तुमच्यातले तिघं इकडं येऊन गेले. रात्रीच्या वंदे भारतने उतरलात, सकाळी नाश्ता करून साडेदहाला बाजारात. तारीख ७ होती. २२ दुकानं पाहिलीत. दुकानादुकानात आपला माल नजरेच्या उंचीला, लेबलं पुढं, धुळीचा कण नाही. मॅडम आमच्या सेल्स ऑफिसर साहेबांना म्हणाल्या, "एक्झिक्यूशन छान आहे हं." साहेबांचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं.

मॅडम, तो सगळा बाजार आम्ही आदल्या रात्री मांडला होता.

आता कागदावर येतंच आहे तर नीट सांगतो. ६ तारखेला बीट, म्हणजे त्या वाराची ठरलेली दुकानांची फेरी, बंद ठेवून आम्ही चौघं सेल्समन आणि एजन्सीची, म्हणजे शहरात तुमचा माल वाटणाऱ्या वितरकाची, दोन पोरं फडकी, टाचण्या, सुतळी घेऊन निघालो. ज्या दुकानात माल नव्हता तिथं एजन्सीच्या गोडाऊनमधून बिलाशिवाय नेऊन ठेवला. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात शाम्पूच्या लड्या कमी दिसत होत्या, त्या समोरच्या दुकानातून उसन्या आणून लटकवल्या. दुसऱ्या कंपनीचं पोस्टर होतं, त्याच्यावर आपलं चिकटवलं. दुकानदारांना सांगून ठेवलं, "उद्या मुंबईचे साहेब येणारेत, सर्व्हिस कशी विचारलं तर एक नंबर म्हणा." एक म्हातारे मालक हसले, म्हणाले, "आणि एक्स्पायरीचं विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, "मालक, ते विचारणार नाहीत." तुम्ही खरंच विचारलं नाहीत.

तुमची गाडी पुढच्या चौकात वळली आणि मागून आमची पोरं लड्या परत करायला निघाली.

लाज वाटते, वाटायलाच पाहिजे. पण त्या दिवशी तुम्ही आमच्या कामावर खूश होऊन गेलात, आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट १२ टक्क्यांनी वाढलं. बाजार इतका चांगला आहे म्हटल्यावर वाढणारच. आम्ही मांडलेल्या देखाव्याचं बिल आम्हालाच आलं.

आता ३० तारखेचं सांगतो.

तुम्हाला प्रायमरी आणि सेकंडरी शिकवायला मी कोण. पण वाचणाऱ्यांत दुकानदार असतील, आमच्या घरातली माणसं असतील, म्हणून दोन ओळी. कंपनीच्या डेपोतून एजन्सीच्या गोडाऊनमध्ये माल उतरला की ती प्रायमरी. एजन्सीतून दुकानात गेला की सेकंडरी. गंमत अशी की, दुकानातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत जो माल जातो, म्हणजे ज्याला माझी आई 'खप' म्हणेल, त्याला आमच्याकडं रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. त्याच्यावर कुणाचा इन्सेंटिव्ह नाही, म्हणून असेल.

२५ तारीख उलटली की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तासातासाला विचारणा सुरू होते. गॅप किती, म्हणजे टार्गेटला अजून किती कमी? आज किती बिल कट? कुणाच्या किती लाइन? ऑफिसर साहेब पोरगेलासा माणूस, एमबीए करून आलेला, स्वभावाने गरीब. महिन्याच्या २० तारखेपर्यंत मला 'काका' म्हणतो. २८ ला म्हणतो, "काका, काहीतरी करा." ३० ला नुसता फोन करतो आणि बोलत नाही. त्याच्याही पाठीशी एएसएम, म्हणजे एरिया सेल्स मॅनेजर असतो, त्याच्या पाठीशी आणखी कुणी. सोलापुरात ३० तारखेच्या रात्री आठ वाजता एवढं दडपण येतं ते कुठून निघतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग आम्ही 'काहीतरी' करतो. मंगळवार पेठेतल्या होलसेलवाल्याला फोन जातो. त्याला ठाऊक असतं की आज आमची मान त्याच्या हातात आहे. तो म्हणतो, "दोन टक्के वर सोडा, पुढच्या महिन्याची स्कीम आजच लावा, मग बघू." सोडतो. एका बिलात लाख-दीड लाखाचा माल त्याच्याकडे जातो आणि ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडतात. तो माल अक्कलकोटला जातो, इंडी-विजापूरकडे जातो आणि थोडा फिरून माझ्याच बीटवर येतो. ५ तारखेला माझा नेहमीचा दुकानदार म्हणतो, "काय ओ साबणवाले, होलसेलला तुमचाच माल तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतोय, तुमच्याकडून कशाला घेऊ?" खरं आहे त्याचं. माझाच माल माझ्या पायात येतो, आणि पुढच्या ३० तारखेला गॅप आणखी मोठा.

दुसरा प्रकार लहान बिलांचा. ज्या दुकानाने ऑर्डर दिली नाही त्याच्या नावाने बिल फाडायचं, २ तारखेला 'दुकान बंद होते' म्हणून माल परत आणि क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा. असं एकाने केलं तर फसवणूक. सगळ्या शहरात सगळ्यांनी केलं की त्याला 'क्लोजिंग' म्हणतात.

तिसरा प्रकार तुमच्या बाजूने होतो. महिनाअखेरीला शेठच्या, म्हणजे एजन्सीच्या मालकाच्या, नावावर माल बिल होतो, त्याने मागितलेला असो वा नसो, आणि १ किंवा २ तारखेला ट्रक येऊन उभा राहतो. दहा-बारा दिवस पुरेल एवढा माल ठेवायचं गोडाऊन. त्यात पंचवीस दिवसांचा कोंबायचा. चहाच्या पेट्या जिन्यात, पावडरच्या गोण्या संडासाच्या दारापर्यंत. शेठचा पैसा मालात अडकतो, बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चढतं, स्कीमचे क्लेम तुमच्याकडून तीन-तीन महिने येत नाहीत. चार-पाच टक्क्यांवर धंदा करणारा माणूस हे कुठून भरून काढणार? आमच्या पगारातून. पगार कापत नाही तो, देवमाणूस आहे. फक्त १० तारखेचा पगार १८ ला होतो. माझ्या घराचा हप्ता ५ तारखेचा आहे.

म्हणजे बघा, खोटं कुणी एकटा बोलत नाही. मी ऑफिसरला आकडा देतो, तो एएसएमला, तो पुण्याला, पुणं तुम्हाला, आणि तुम्ही दर तिमाहीला तो शेअर बाजाराला वाचून दाखवता. तुम्ही खोटं बोलता असं माझं म्हणणं नाही. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तो आकडा इतक्या हातांतून गेलेला असतो की खरा दिसायला लागतो.

आता अक्कांचं सांगतो. पत्र लिहायला बसलो ते खरं तर त्यांच्यामुळं.

कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. आम्ही सगळे विडी घरकुल म्हणतो. २००६ साली घरं मिळाली, तेव्हापासून तिथं पुढच्या खोलीत शटर बसवून दुकानं निघाली. जवळच आता रे नगर झालंय, २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान येऊन पंधरा हजार घरांच्या चाव्या देऊन गेले, आणि त्याच महिन्यात तुमच्याकडून मेल आला की 'नवीन आउटलेट शोधा'. शोधली. पण मी बोलतोय ते जुन्या घरकुलातल्या एका दुकानाबद्दल. मालकीण तेलुगू, पद्मशाली. मला तम्मुडू म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दुकान सहा बाय आठ. गिऱ्हाईक नसेल तेव्हा अक्का गल्ल्यामागे बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली पानं. बोलताना हात थांबत नाही. एकदा मी घड्याळ लावून बघितलं होतं, माझी ऑर्डर सांगून होईपर्यंत त्यांच्या अकरा विड्या झाल्या होत्या.

त्या दुकानात काय खपतं ते मला पाठ आहे. एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या लड्या, शनिवारी जास्त, कारण मजुरीचा दिवस आणि रविवारी न्हाणं. दहाची पावडर. पाचचा आणि दहाचा साबण. चहाची लहान पुडी. महिन्याला हजार-बाराशेचं बिल होतं आणि उधारी एक पैशाची नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी तुम्ही एक फेसवॉश काढलात. ९९ रुपयांचा. फेसवॉशला मी नावं ठेवत नाही, माझी मुलगी वापरते. लाँचच्या महिन्यात हुकूम आला, प्रत्येक बीटवर ७० टक्के दुकानांत पोचला पाहिजे, एका दुकानात कमीत कमी एक डझन. मी म्हटलं, "साहेब, विडी घरकुलात ९९ चा फेसवॉश कोण घेणार?" ऑफिसर म्हणाला, "काका, वरून जे आलंय ते आलंय." ३० तारीख. माझी ११ दुकानं कमी पडत होती. मी अक्कांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "तम्मुडू, हे इथं जात नाही." मी म्हटलं, "अक्का, ठेवा हो. नाही गेलं तर मी घेऊन जाईन. माझा शब्द."

१,००८ रुपये. त्यांनी डब्यातून मोजून दिले, नोटा आणि नाणी. तेवढ्यासाठी किती हजार विड्या वळायच्या हा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला नाही. मला येतो तो.

एक नग गेला, तोही त्यांच्या भाचीच्या लग्नात. अकरा राहिले. मुदत संपली. मी परतीचा कागद भरला. शेठ म्हणाले, कंपनी एक्स्पायरीला टक्केवारीने पैसे देते, ती टक्केवारी या वर्षी कधीच संपली. ऑफिसर म्हणाला, स्लो मूव्हिंगसाठी पॉलिसी नाही. तोवर जुना ऑफिसर बदलून गेला होता आणि ज्यांनी हुकूम काढला ते बहुधा प्रमोशन घेऊन दुसऱ्या कंपनीत.

अक्का कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मंगळवारी गेलो की त्या सूप बाजूला ठेवतात, खालच्या फळीवरून तो खोका काढतात आणि गल्ल्यावर ठेवतात. काही बोलत नाहीत. ऑर्डर सांगून होते, बिल होतं, मी निघालो की खोका परत खाली. दर मंगळवारी.

आणि आता ऐका, हसू येईल. तुम्ही टॅबमध्ये नवीन सोय दिलीत ना, दुकानात शिरलं की टॅब आपणच सांगतो या दुकानाला काय विकायचं? अक्कांच्या दुकानापाशी उभा राहिलो की टॅब सांगतो: फेसवॉश, एक डझन. का? कारण मागच्या नोंदीत या दुकानाने फेसवॉश 'घेतलेला' आहे. तेव्हापासून पुन्हा घेतला नाही म्हणजे संधी वाया चालली आहे. गल्ल्यावर मुदत संपलेला खोका, हातात टॅब, टॅबवर हिरव्या अक्षरांत 'सुचवलेली ऑर्डर'. 'नको' दाबलं की कारण विचारतो. कारणांच्या यादीत पाच पर्याय आहेत: मालक नाहीत, पैसे नाहीत, माल शिल्लक, स्पर्धकाचा माल, इतर. मी 'माल शिल्लक' दाबतो. दोन महिन्यांनी तो परत विचारतो.

टॅबला दोष देत नाही. तो बिचारा आमचीच बिलं वाचून शहाणा झालाय.

मागच्या सप्टेंबरचंही बोलायला हवं, पण थोडक्यात. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने जाहीर केलं की साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर येणार, २२ पासून. घटस्थापनेचा दिवस. चांगलीच गोष्ट, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळालं. पण ४ तारखेला सकाळी जो दुकानदार टीव्ही बघून दुकानात आला, त्याने २२ पर्यंत महागाचा माल का घ्यावा? कुणी घेतला नाही. १८ दिवस आम्ही उन्हापावसात दुकानं मोजत फिरलो. त्या महिन्याचं टार्गेट तुम्ही एक रुपयाने खाली आणलं नाहीत. बिस्किटवाल्या पोराची वेगळीच तऱ्हा. पाचचा पुडा ४ रुपये ४५ पैशांचा झाला, रुपयाची गोळी ८८ पैशांची. चाराण्याचं नाणं २०११ सालीच गेलं, आठाण्याचं कायद्याने चालतं पण कुणी घेत नाही. दुकानदार त्याला विचारायचे, "हे बारा पैसे देऊ कसे ते दाखवून जा." तो बिचारा खिशातून चॉकलेट काढून द्यायचा.

ऑनलाइनवाल्यांचं भांडणही तुम्हाला माहीत आहेच. २०२१ च्या डिसेंबरात वितरकांच्या महासंघाने कंपन्यांना सांगितलं होतं की अॅपवाल्यांना जो भाव देता तोच आम्हाला द्या, नाहीतर १ जानेवारीपासून असहकार. त्यानंतर बैठका झाल्या, निवेदनं झाली, आता तर दहा मिनिटांत घरपोच देणारे आलेत. मोठ्या शहरांची गोष्ट आहे असं म्हणत होतो, जुळे सोलापुरातली पोरंही आता मोबाइलवर भाव काढून माझ्यापुढे धरतात. मी काय उत्तर देऊ? भाव मी ठरवत नाही. शिव्या मात्र माझ्या वाराला मला ठरलेल्या असतात.

आता स्वतःचं एक सांगतो आणि संपवतो. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा कंपनीत आहे." मोठ्या कंपनीचं नाव, टी-शर्टावर तेच नाव, ओळखपत्रावर तेच चिन्ह. सासरे गिरणीतले, त्यांनी एकच विचारलं, "फंड आहे ना?" वडील म्हणाले, कंपनी आहे म्हटल्यावर असणारच.

मी तुमचा नोकर कधीच नव्हतो. मी एजन्सीचा. आणि एजन्सी १९ वर्षांत तीन झाल्या. पहिल्या शेठनी सव्वाचार वर्षांनी धंदा सोडला. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. दुसऱ्यांकडे सहा वर्षं केली, कागदावर तीन. आताचे शेठ चांगले आहेत, नऊ वर्षं झाली. पण ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागतो, फंडाचा वीसपासून, आणि आमच्या हजेरीपटावर माणसं नऊ. दहावा आला की आधीचा एक कुणीतरी डिलिव्हरीच्या ठेकेदाराकडे जातो. परवाच्या नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं असं आहे म्हणे, मी पेपरात वाचलं आणि शेठना विचारलं. ते म्हणाले, "कंपनीला विचार." ऑफिसरला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही शेठचे ना?"

माझा वार, माझी दुकानं, कोणत्या दुकानात किती वाजून किती मिनिटांनी शिरायचं, टी-शर्ट खोचायचा की नाही, हे सगळं तुम्ही ठरवता. दुकानापासून ठरावीक अंतराच्या आत गेल्याशिवाय तुमचा टॅब ऑर्डर घेत नाही; घरकुलात रेंज नसली की मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या सावलीला उभं राहून मी स्वतः तिथे आहे हे मुंबईला पटवत असतो. एवढं सगळं तुम्हाला दिसतं. फक्त पगाराच्या दिवशी मी दिसत नाही.

चांगलंही लिहितो, नाहीतर म्हणाल काका नुसते रडतात. ट्रेनिंग तुमचं पहिल्या दर्जाचं. बारावी नापास पोराला तुम्ही हिशेब शिकवलात, पाय दुकानात टाकायच्या आधी फळीवर नजर टाकायला शिकवलंत, गिऱ्हाइकाशी खालच्या आवाजात बोलायला शिकवलंत. त्याच ट्रेनिंगमध्ये एक पोरगी पडद्यावर दाखवत होती, १८८८ साली सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, करसनभाईंनी निरमा सायकलवर विकला. छान गोष्टी आहेत, मी घरी मुलीला पण सांगितल्या. तिने विचारलं, "बाबा, बंदरातून त्या पेट्या दुकानात कुणी नेल्या?" पडद्यावर ते नव्हतं.

मागणं मोठं नाही. पगारवाढ मागत नाही, ती मागायची जागा ही नाही. महिनाअखेरीला कोंबलेल्या मालाचा आकडा टार्गेटमध्ये धरू नका. शेठच्या गोडाऊनमध्ये काय शिरलं हे मोजायला तुमच्याकडे पन्नास माणसं आहेत. दुकानातून काय बाहेर पडलं हे मोजायला एक तरी ठेवा, आणि आमचा इन्सेंटिव्ह त्यावर लावा. लाँचचा माल जिथं तुमच्या हुकमाने ठेवला तिथून तुमच्याच खर्चाने उचला. आणि ज्याच्या छातीवर तुमचं नाव आहे त्याची वर्षं एजन्सी बदलली तरी कुठंतरी सलग लिहून ठेवा.

पण हे तरी तुम्ही माझ्या सांगण्यावरून का मानावं? मी तर खोटी बिलं फाडणारा माणूस, वर लिहूनच दिलंय. म्हणून एक विनंती. हिंदुस्तान लीव्हरने १९७६ पासून आपल्या नव्या साहेबांना उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्याच्या खेड्यांत नेऊन आठवडेच्या आठवडे ठेवायची पद्धत पाडली होती. आठवडे नकोत. तुम्ही एकच दिवस या, ३० तारखेला. यंदा जूनमध्ये ३० ला मंगळवार आहे, मी कॅलेंडर बघून ठेवलंय. ऑफिसरना सांगू नका, मी पण सांगणार नाही. सकाळी नऊ वाजता टिळक चौकात चहाच्या गाड्याशी या, गाडी माझी आहे, हेल्मेट एक जास्तीचं आणतो. पाण्याची बाटली मोठी घ्या. दिवसभर ४२ दुकानं होतात. आदल्या रात्री आम्ही काहीही मांडून ठेवणार नाही.

कळावे,

आपला,
मंगळवारचा साबणवाला
सोलापूर

ता. क. त्या अकरा फेसवॉशचा बॅच नंबर, बिल नंबर आणि तारीख माझ्याकडं लिहून ठेवलेली आहे. मागच्या मंगळवारी खोक्यावर आपल्या मुलीची वही ठेवून अक्कांनी त्याला गल्ल्यावरच कायमचा बसवलाय. उचलून ठेवायचे श्रम वाचतात म्हणाल्या. येताना क्रेडिट नोट घेऊन आलात तर मी तुमच्यासमोर तो उचलेन.